महाराष्ट्राचे गाणे लिहिणारे कवी : राजा बढे

आपल्या स्मरणिकेत दर वर्षी कोणा थोर व्यक्तीचे चरित्र देण्याची प्रथा आहे. आजवर बहुधा संत, देशभक्त व समाजसुधारक यांची चरित्रे आली. या वर्षी एका कवीचे चरित्र लिहावे असे मनात आले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा काव्याची थोरवी सांगण्याचा अधिकार मला नाही. परंतु ज्यांचे गाणे आज आपल्या घरातील प्रत्येक मूल शाळेत म्हणते, त्यांच्याविषयी दोन शब्द आईला ठाऊक असावेत, एवढ्याच हेतूने हे लिहीत आहे.

‘जय जय महाराष्ट्र माझा’ हे गाणे ऐकले नाही असे घर आपल्या गल्लीत सापडणार नाही. १९ फेब्रुवारी २०२३ रोजी, शिवजयंतीच्या दिवसापासून, ते आपल्या राज्याचे राज्यगीत झाले. आता शाळेत परिपाठाच्या वेळी राष्ट्रगीताबरोबर तेही म्हणावे असे ठरले आहे. पण हे गाणे कोणाचे, असे विचारले की बहुतेक जण शाहीर साबळे यांचे नाव घेतात. ते गायले शाहिरांनी, हे खरेच. परंतु शब्द लिहिले ते राजा बढे यांनी. जात्यावरची ओवी घरोघर गायिली जाते, पण ती रचणाऱ्या बाईचे नाव कोणी विचारीत नाही. तशीच काहीशी गत या कवीची झाली आहे. कै. राजा बढे यांना जाऊन पन्नास वर्षे होत आली. नाव मागे पडले आणि गाणे पुढे गेले.

राजा नीळकंठ बढे यांचा जन्म १९१२ साली नागपूर येथे झाला. त्या काळी नागपूर हे मध्यप्रांत व वऱ्हाड या इंग्रजी अमलाखालील प्रांताचे राजधानीचे शहर होते. त्या प्रांतात मराठी मुलुखही होता आणि हिंदी मुलुखही. म्हणजे मराठी माणसे पुष्कळ, पण सारा मराठी मुलूख एका छत्राखाली नाही, अशी स्थिती राजाभाऊंनी बालपणापासून पाहिली. ही गोष्ट वाचकभगिनींनी ध्यानात ठेवावी, कारण पुढे तिचा संबंध येणार आहे.

कवितेचा छंद त्यांना तरुणपणीच लागला. पण कवितेवर पोट भरत नाही, ही गोष्ट तेव्हाही खरी होती. त्यांनी वर्तमानपत्रांच्या कचेरीत काम केले. पुढे ते मुंबईस आले आणि चित्रपटांसाठी गीते लिहू लागले. १९४३ साली प्रकाश पिक्चर्सचा ‘रामराज्य’ हा चित्रपट हिंदी व मराठी अशा दोन्ही भाषांत निघाला. आपल्या आजी-पणजींच्या काळात त्या चित्रपटाचे केवढे नाव होते! त्याचा हिंदी बोलपट महात्मा गांधींनी पाहिला होता. मराठी ‘रामराज्या’साठी राजाभाऊंनी गीते लिहिली. लव-कुशांनी रामकथा गावी आणि सीतामाईच्या आठवणीने ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांना पाणी यावे, असे ते कथानक.

चित्रपट, ग्रामोफोनच्या तबकड्या आणि रेडिओ ही त्या वेळची तीन नवी साधने होती. पूर्वी कविता पुस्तकात असे व ज्याला वाचता येई त्यालाच ती मिळे. रेडिओ आल्यावर ती माजघरात आली. चुलीपुढे बसलेल्या, अक्षरओळख नसलेल्या बाईच्याही कानावर चांगले काव्य पडू लागले. राजा बढे यांनी या माध्यमासाठी मन लावून लिहिले. ते काही वर्षे मुंबईच्या आकाशवाणीवर कामही करीत होते. ‘हसले मनी चांदणे’ या नावाचा त्यांचा कवितासंग्रह आहे.

भगिनींनो, आता जी गोष्ट सांगणार आहे तिचे मला फार अप्रूप वाटते. पाखराला माहेरी धाडणारे, आईला निरोप सांगणारे एक जुने भावगीत आपल्यापैकी वडीलधाऱ्या बायकांना पाठ आहे. ते श्रीमती ज्योत्स्ना भोळे यांनी गायिले व त्याला चाल दिली ती पु. ल. देशपांडे यांनी. पुलं आपणास विनोदी लेखक म्हणून ठाऊक; पण ते उत्तम संगीतकारही होते. त्या गाण्याचे शब्द राजा बढे यांचेच आहेत! ज्या लेखणीने महाराष्ट्राला गर्जना करायला लावली, त्याच लेखणीने सासरी नांदणाऱ्या लेकीचे मन जाणले.

आपल्या बीड जिल्ह्यातील बायकांना त्या गाण्याचा अर्थ वेगळा सांगायला नको. दिवाळी झाली की येथील कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात, ती उन्हाळा लागेपर्यंत परतत नाहीत. लेक एका कारखान्यावर, आई दुसऱ्या कारखान्यावर. आता हाती फोन आहे हे खरे. पण फोनवर आवाज येतो, पाठीवर आईचा हात येत नाही. तेव्हा पाखराजवळ निरोप देण्याचे ते गाणे जुने झाले आहे असे मला वाटत नाही.

याशिवायही त्यांची पुष्कळ गाणी लोकांच्या तोंडी आहेत. चांदण्यातून चालत जाणाऱ्या तरुणीचे त्यांचे गाणे हृदयनाथ मंगेशकर यांच्या चालीवर आशा भोसले यांनी गायिले. कपुरी पानाची त्यांची लावणी सुलोचना चव्हाण यांच्या आवाजात आजही लग्नकार्यात वाजते. एकंदरीत राजा बढे हे मृदू, नाजूक शब्दांचे कवी होते. पान, फूल, चांदणे व स्त्रीचे मन हे त्यांचे आवडते विषय. अशा कवीच्या हातून राज्याचे गाणे लिहिले गेले ते का, हे समजण्यासाठी थोडा इतिहास पाहिला पाहिजे.

इंग्रजांचे राज्य असताना मराठी बोलणारी माणसे तीन ठिकाणी विभागली होती. मुंबई, पुणे, सातारा, नाशिक वगैरे भाग मुंबई इलाख्यात. नागपूर व वऱ्हाड मध्यप्रांतात. आणि आपला बीड जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड व उस्मानाबाद हे त्या वेळचे मराठवाड्याचे पाच जिल्हे; त्यांपैकी पहिल्याचे नाव आता छत्रपती संभाजीनगर व शेवटच्याचे धाराशिव आहे. घरात मराठी बोलायची, पण कचेरीचा कागद उर्दूत आणि वरच्या वर्गाचे शिक्षणही उर्दूत, असे आपल्या आजोबा-पणजोबांचे जीवन होते. १५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला, तरी आपण मोकळे झालो ते १७ सप्टेंबर १९४८ रोजी. म्हणून तर १७ सप्टेंबरला आपण मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचे झेंडावंदन करतो.

पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा व विदर्भ हे मुंबई राज्याला जोडले गेले. पण ते द्विभाषिक राज्य होते; गुजराती मुलूखही त्यातच होता. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झाला पाहिजे, यासाठी मोठी चळवळ झाली. शंभरावर माणसे त्यात हुतात्मा झाली. शाहिरांनी डफ वाजवून गावे जागी केली. अखेर १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्याची स्थापना झाली व यशवंतराव चव्हाण पहिले मुख्यमंत्री झाले. तीन घरी वाढलेली भावंडे एका अंगणात आली म्हणा ना!

अशा शुभप्रसंगी राज्याचे गाणे हवे. ते लिहिण्याचा मान राजा बढे यांना मिळाला. चाल श्रीनिवास खळे यांनी लावली, शाहीर साबळे यांनी ते गायिले आणि त्याची ध्वनिमुद्रिका निघाली. या तिघांचे एकत्र येणे मोठे मौजेचे आहे. कवी नागपूरचे. खळेकाकांचे बालपण गुजरातेत बडोद्याला गेलेले. तेही मृदू स्वभावाच्या चालींबद्दल प्रसिद्ध. लताबाईंनी गायिलेल्या तुकोबांच्या अभंगांना खळ्यांच्याच चाली आहेत. तिसरे शाहीर कृष्णराव साबळे. ते सातारा जिल्ह्यातील वाईजवळच्या पसरणी गावचे. अमळनेरला असताना त्यांना सानेगुरुजींचा सहवास लाभला. शाळा त्यांची फार झाली नाही, पण आवाज असा की, मैदानाच्या शेवटच्या माणसाच्याही अंगावर काटा यावा. एक कवी, एक संगीतकार व एक शाहीर अशा तिघांनी मिळून जे केले ते आज सहा दशकांहून अधिक काळ टिकले आहे.

आता त्या गाण्यात काय आहे ते पाहू. मूळ गाण्याच्या आरंभी कवीने नद्यांची नावे घेतली आहेत. रेवा म्हणजे नर्मदा. ती उत्तरेच्या टोकाला नंदुरबार जिल्ह्याच्या कडेने जाते. वरदा म्हणजे विदर्भातील वर्धा नदी. कृष्णा व कोयना या सातारा-कऱ्हाडकडच्या. आणि गोदावरी तर आपली. ती गेवराई, माजलगाव व परळी या तालुक्यांच्या उत्तर सीमेवरून वाहते. पुढे भीमेकाठच्या घोड्यांचा उल्लेख आहे. मराठ्यांच्या फौजा उत्तरेत यमुनेपर्यंत गेल्या होत्या त्याची ती आठवण. त्यानंतर सह्याद्री आहे, शिवराय आहेत, आणि गरिबीचे चटके सोसून घाम गाळणारा कष्टकरी माणूसही आहे.

मोठमोठी माणसे या गाण्यातील वीररसाची तारीफ करतात. मला मात्र त्यातील पाण्याची घागर अधिक आवडते. या सर्व नद्या मातीच्या घागरीत एकोप्याचे पाणी भरतात, अशी कवीची कल्पना आहे. तीन ठिकाणी विभागलेली माणसे एक झाली, हे सांगायला राजाभाऊंना तलवार आठवली नाही, घागर आठवली! ती बाईच्या डोक्यावरची, कमरेवरची वस्तू. माहेरच्या पाखराचे गाणे लिहिणाऱ्या कवीलाच हे सुचावे. म्हणून मला वाटते की, त्यांचा नाजूकपणा व त्यांची गर्जना या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्या.

आपल्या बिंदुसरेचे नाव त्या गाण्यात नाही, याचे वाईट वाटून घेऊ नये. बीड शहरातून वाहणारी बिंदुसरा सिंदफणेला मिळते आणि सिंदफणा मंजरथ येथे गोदावरीला मिळते. म्हणजे गाण्यातील गोदावरीत आपलेही पाणी आहेच. बालाघाटात पाटोदा तालुक्यात उगम पावणारी मांजराही लांबचे वळण घेऊन अखेर गोदावरीलाच जाते. लहान नदीचे नाव मोठ्या नदीत गेले तरी पाणी काही नाहीसे होत नाही.

या गाण्यापूर्वीही महाराष्ट्राची गाणी झाली होती. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर (१८७१ ते १९३४) यांनी एक महाराष्ट्रगीत लिहिले. त्यांचे शिष्य राम गणेश गडकरी यांनी गोविंदाग्रज या नावाने दुसरे लिहिले. गडकऱ्यांनी महाराष्ट्राला दगडधोंड्यांची कणखर भूमी म्हणून गौरविले आणि तेव्हापासून ते जणू आपल्या राज्याचे लाडाचे नावच होऊन बसले. आपल्या बालाघाटच्या माळावर राहणाऱ्यांना त्या नावाची सत्यता कोणी पटवून द्यायला नको. कुदळ मारली की दगडच लागतो. आणखी एक योग पाहा. कोल्हटकरांचा जन्म नागपूरचा. गडकरी जन्मले गुजरातेत नवसारीस, पण १९१९ साली त्यांचा अंत झाला तो नागपूरजवळच्या सावनेर येथे. आणि राजा बढे तर नागपूरचेच. महाराष्ट्राची तिन्ही गाणी देणाऱ्यांचा विदर्भाच्या मातीशी संबंध आहे. जो भाग राज्यापासून बरीच वर्षे वेगळा राहिला, तेथील माणसांनाच त्याची ओढ अधिक लागावी यात नवल नाही. माहेराची ओढ सासरी असलेल्या लेकीलाच कळते.

राजाभाऊंचे आणखी एक कार्य आपल्या भागाशी जवळचे आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी प्रतिष्ठान म्हणजे आपले पैठण ही सातवाहन राजांची राजधानी होती. त्यांच्यातील हाल राजाने त्या वेळच्या महाराष्ट्री प्राकृत भाषेतील सुमारे सातशे कविता एकत्र केल्या. तिला गाथासप्तशती म्हणतात. तीत राजवाड्यांचा थाट थोडा आणि शेत, नदी, पाऊस, पाणवठा, सासू-सून, परदेशी गेलेला नवरा व त्याची वाट पाहणारी बायको यांच्याच गोष्टी फार. म्हणजे आपल्या ओव्यांची ती खापरपणजीच. राजा बढे यांनी त्या गाथेचे मराठी काव्यात रूपांतर केले आणि त्या ग्रंथाला ‘शेफालिका’ हे फुलाचे नाव दिले. शेफालिका म्हणजे प्राजक्त. पैठणहून वाहत येणारी गोदावरी पुढे आपल्या जिल्ह्याला लागते. तेव्हा त्या जुन्या बायकांचे सुखदुःख मराठीत आणून राजाभाऊंनी आपल्यावरही उपकार केले, असे म्हणण्यास हरकत नाही.

७ एप्रिल १९७७ रोजी दिल्ली येथे राजा बढे यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांचे गाणे महाराष्ट्र दिनाला, सभासंमेलनांत, गणेशोत्सवात सर्वत्र गायिले जात होते. पण ते सरकारी राज्यगीत नव्हते. कोणी हुकूम केला नव्हता, तरी लोक म्हणत होते. जानेवारी २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने निर्णय घेतला व मूळ गाण्यातील दोन चरण राज्यगीत म्हणून निवडले. म्हणजे लोकांनी ६० वर्षांहून अधिक काळ ज्याला आपले मानले, त्याच्यावर सरकारने नंतर शिक्का उठविला. तो दिवस पाहायला कवी नव्हते, खळेकाका २०११ साली गेले होते व शाहीर २०१५ साली. कार्य करणाऱ्याला फळ पाहायला मिळतेच असे नाही.

आता शेवटी दोन शब्द आपल्या घरच्या गोष्टीचे. गाण्याने पोट भरत नाही, राज्यगीत झाले तरी नळाला पाणी आले का, असे कोणी भगिनी विचारील. तिचा प्रश्न खोटा नाही. आपल्या जिल्ह्यात उन्हाळ्यात टँकरपुढे घागरींची रांग लागते ती आपण सर्वजणी जाणतो. १९५३ च्या नागपूर करारात विदर्भ व मराठवाडा यांच्या उन्नतीकडे विशेष लक्ष देण्याचे वचन दिले होते. ते वचन किती पाळले गेले याचा हिशेब पुढारी मांडतील. पण गाण्यातील घागर भरलेली आहे, ही गोष्ट आपण विसरू नये. कवीने सर्वांच्या वतीने जे मागून ठेवले आहे, ते मागण्याचा हक्क गाणे म्हणणाऱ्या प्रत्येक मुलाला व त्याच्या आईला आहे. अर्थ न कळता म्हटले तर ते नुसते ओरडणे होईल. अर्थ कळून म्हटले तर ती आठवण होईल, आपल्यालाही आणि राज्य चालविणाऱ्यांनाही.

म्हणून माझी मंडळाला एक विनंती आहे. १ मे व १७ सप्टेंबरच्या कार्यक्रमात हे गीत म्हणण्यापूर्वी कोणा एका भगिनीने त्याचा अर्थ व कवीचे नाव मुलांना सांगावे. ज्यांचे आईवडील ऊसतोडीला गेले आहेत आणि जी मुले आजीजवळ राहून शाळेत जातात, त्यांना आवर्जून बोलवावे. त्याच दिवशी राजाभाऊंचे ते माहेरचे गाणेही म्हणावे. एक गाणे राज्याचे, एक घराचे. दोन्ही एकाच माणसाची, हे मुलांना कळले म्हणजे कणखरपणा व माया ही एका मनात राहू शकतात, हेही त्यांना कळेल.

कै. राजा बढे यांच्या स्मृतीस आपणा सर्वांच्या वतीने नम्र अभिवादन करून हा लेख संपविते.